लढणारी बाई काढताय? मग आधी तिला नीट चिलखत घाला

पुरुष योद्धा गळ्यापासून पायापर्यंत लोखंडात आणि शेजारी उभी असलेली बाई लोखंडाच्या चोळीत, हे चित्र गेम्स आणि कॉमिक्समध्ये इतक्यांदा पाहिलंय की आता खटकतही नाही, आणि मग आपण स्वतः काढायला बसलो की हात आपोआप तेच काढतो. माझ्या जुन्या वह्या भरल्यात तसल्या बायकांनी, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये.

पेन्सिल उचलायच्या आधी एवढंच ठरवा, ही लढते कशी आणि हिच्यावर वार कुठून येतो. घोड्यावरून भाला चालवणारीचं चिलखत वेगळं, झाडावर बसून बाण मारणारीचं वेगळं. मागे उभी राहून मंत्र टाकणारी असेल तर चिलखत नसलं तरी चालेल, पण मग तिच्यासोबतच्या पुरुष जादूगाराला पायघोळ झगा आणि हिला दोन चिंध्या असं का, ते बघा.

आता आतून बाहेर कपडे चढवा. सगळ्यात आत लिननचे बरेच थर एकत्र शिवलेला जाड अंगरखा, त्यावर कड्यांचं चिलखत किंवा पत्रा. हा अंगरखा कोणी काढतच नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. कड्या धार अडवतात पण दणका अडवत नाहीत, आत जाड कापड नसेल तर कातडी शाबूत राहून हाड मोडेल, शिवाय उघड्या अंगावर कड्या चिमटे काढतात ते वेगळंच. म्हणजे कड्यांची बिकिनी नुसती अपुरी नाही, घालणारीला छळणारी आहे. रेड सोन्या ही तलवार चालवणारी नायिका 1973 मध्ये कॉमिक्समध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगात चांगला कड्यांचा शर्ट होता बरं का, ती फेमस बिकिनी नंतरची.

छातीचा पत्रा हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. तो मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरता असतो, कारण टोक लागलं की घसरून बाजूला गेलं पाहिजे. तुम्ही दोन वाट्या काढल्यात की मध्ये दरी तयार होते आणि बाहेर घसरणारं टोक तुम्हीच आत वळवून सरळ छातीच्या हाडावर नेता. आत जाड अंगरखा असल्यावर वेगळ्या वाट्यांची गरजही उरत नाही, एकच फुगीर पत्रा पुरतो. मी एकदा फोमचं तसलं वाट्यांचं चिलखत बनवून घातलं होतं, दोन्ही हात पुढे आणून तलवार धरायला गेलो तर दंडच अडकायला लागले.

मग बाई आहे हे कळणार कसं, असं विचारतात लोक. चेहरा आहे, चाल आहे, उभं राहायची ढब आहे. आणि कंबर बारीक दाखवायची हौस असेल तर खुशाल दाखवा, 15व्या शतकातली पुरुषांची पत्र्याची चिलखतंही कमरेत निमुळती असायची, कारण 15 ते 25 किलोचं ओझं नुसत्या खांद्यांवर न पडता कमरेवरही टेकायला हवं. इतकं मापाने बनवायचं म्हणजे पैसाही लागतो. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क या फ्रेंच लढवय्या मुलीसाठी फ्रान्समधल्या तूर शहरात चिलखत बनवलं त्याचे 100 लिव्र (तिथलं तेव्हाचं चलन) मोजल्याची नोंद आहे, एवढे पैसे मोजून पोट उघडं कोण ठेवून घेईल!

त्वचा दाखवायचीच असेल तर हात दाखवा, चेहरा दाखवा. डोकं, मान, पोट आणि मांडीची आतली बाजू झाका, मांडीत मोठी रक्तवाहिनी असते, तिथे एक वार बसला की खेळ संपला. शिरस्त्राण नसेल तर मी सोडून देतो, चेहरा दिसायला हवा हे कबूल, पण केस तरी बांधा. हाय हील्स फक्त रिकिबीत पाय अडकवून बसणारीला, चिखलात उभी राहणारीला अजिबात नाही.

काढून झालं की तोच पोशाख आणि तीच पोझ तिच्या पुरुष साथीदाराला देऊन बघा. 2012 मध्ये हॉकआय इनिशिएटिव्ह नावाने लोकांनी हेच केलं होतं, हॉकआय या मार्व्हल कॉमिक्सच्या पुरुष हिरोला हिरॉइन्सच्या पोझमध्ये काढलं आणि हसून हसून पुरेवाट झाली. "पण कोनन पण उघडाच असतो की" हे येणारच, तर कॉमिक्समधल्या त्या रानटी योद्ध्याचं उघडं अंग 'याच्या नादी लागू नका' असं सांगतं, कंबर मोडून वाचकाकडे वळून बघत नाही.

आणि आधी बिकिनी ठरवून मग तिला कारण चिकटवू नका. मेटल गिअर सॉलिड 5 या गेममधली नेमबाज क्वायट म्हणे त्वचेतून श्वास घेते म्हणून कमी कपड्यात! उलट 1986 च्या मेट्रॉइड गेममध्ये मुख्य पात्र सामस अख्खा गेम चिलखतात आणि ती बाई आहे हे शेवटी कळतं, भारीच, फक्त गेम फार पटकन संपवला तर बक्षीस म्हणून ती बिकिनीत दिसते, म्हणजे तिथेही राहवलं नाहीच.

शेवटी पट्टे आणि बकलं काढा. बाजूला, खांद्यावर, जिथे तिचा हात पोचेल किंवा दुसरं कोणी बांधून देईल तिथे. ती हे घालते कशी आणि काढते कशी ते सांगता आलं पाहिजे, माझ्या तीन जुन्या कॅरेक्टर्सचं मला अजूनही सांगता येत नाही.