लाल दिसली म्हणजे प्रोजेक्शन न्यूरॉन नव्हे

मज्जारज्जूतल्या वेदनेवर पीएचडी करायला नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय. ए-डेल्टा आणि सी फायबर (वेदनेची खबर आणणारे तंतू), डॉर्सल हॉर्न (मज्जारज्जूचा पाठीकडचा करडा भाग), स्पायनोथॅलॅमिक मार्ग (मज्जारज्जूतून मेंदूतल्या थॅलॅमसकडे जाणारा) हे सगळं तुम्ही नेट परीक्षेच्या तयारीत घोकलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय ते एका चुकीबद्दल: मार्करने रंगलेली प्रत्येक पेशी प्रोजेक्शन न्यूरॉन, म्हणजे मेंदूपर्यंत निरोप नेणारी, धरून चालणं. तिच्यापायी माझे आठ महिने गेले आणि अजूनही आठवलं की पोटात खड्डा पडतो.

चुकीचं मूळ पुस्तकातल्या आकृतीत आहे. पहिला न्यूरॉन त्वचेकडून येतो, दुसरा डॉर्सल हॉर्नमधून बाजू ओलांडून वर जातो. त्या जागी एकच ठिपका काढलेला असतो. प्रत्यक्ष सेक्शनमध्ये (मज्जारज्जूच्या पातळ कापात) तिथे पेशींची दाटी असते आणि त्यातल्या बहुतेक मेंदूपर्यंत जातच नाहीत. रॅटमध्ये डॉर्सल हॉर्नच्या अगदी वरच्या थरात, लॅमिना एकमध्येसुद्धा प्रोजेक्शन न्यूरॉन साधारण ५ टक्के. लॅमिना दोनमध्ये जवळपास नाहीतच. बाकी सगळे इंटरन्यूरॉन, जागच्या जागी बोलणारे. कमरेच्या एल-४ सेगमेंटमध्ये एका बाजूला लॅमिना एकमधले प्रोजेक्शन न्यूरॉन सुमारे ४००. म्हणजे ६० मायक्रॉनच्या एका सेक्शनमध्ये बोटांवर मोजावेत इतकेच.

हे मी वाचलं होतं, तरीही फसले. लॅमिना एकमधल्या प्रोजेक्शन न्यूरॉनपैकी जवळपास ८० टक्क्यांवर एन-के-वन रिसेप्टर (पेशीवरचं एक ग्राही प्रथिन) असतो, म्हणून मी त्याची लाल रंग देणारी अँटिबॉडी लावली आणि लाल दिसेल ती प्रत्येक पेशी मोजत गेले. वाक्य उलटं वाचलं होतं मी. स्टेशनवर हमाल लाल शर्टात असतात, म्हणून लाल शर्टातल्या कुणाच्याही हातात तुम्ही बॅग देता का? मोठ्या, गडद रंगलेल्या पेशी बहुतांशी प्रोजेक्शन न्यूरॉन निघतात, पण लहान, फिकट पेशी उद्दीपक इंटरन्यूरॉन असतात, आणि त्या कमी नसतात. सी-फॉस, म्हणजे पेशी उत्तेजित झाली की तिच्यात दिसणारं प्रथिन, त्याचीही तीच गत. रॅटच्या पंजात कॅप्सेसिन (मिरचीतला तिखट घटक) टोचल्यावर पेशीत सी-फॉस आलं, म्हणजे तिच्यापर्यंत खबर पोचली. ती खबर पुढे वर पाठवते का, हे सी-फॉस सांगत नाही.

ते सांगतो मेंदूत टोचलेला रेट्रोग्रेड ट्रेसर, म्हणजे तंतूच्या टोकातून उलटा मूळ पेशीपर्यंत पोचणारा पदार्थ. मी तो टाळला, कारण स्टिरिओटॅक्सिक (मेंदूत नेमक्या जागी सुई नेणाऱ्या) शस्त्रक्रियेसाठी प्राणी नीतिमत्ता समितीकडे सुधारित अर्ज करावा लागणार होता आणि एका सिनिअरने सांगितलं, "मार्कर पुरेसा आहे गं, सगळे असंच करतात." माझं ठाम मत आहे की "सगळे असंच करतात" म्हणणाऱ्याचा सल्ला त्या विषयात घेऊ नये, माणूस कितीही मायाळू असो. प्रगती अहवालाच्या दिवशी बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "या पेशी वर जातात हे कशावरून?" मी स्लाइड मागे नेली, आणखी मागे नेली. उत्तर कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. असे प्रश्न विचारणारं माणूस पहिल्या सहा महिन्यांत शोधा. गाइडच तसे असतील तर तुमचं नशीब.

घाबरू मात्र नका. आठ महिने गेले तरी हात तयार झाला होता: व्हायब्रटोमवर (कंप पावणाऱ्या पात्याच्या कापणी यंत्रावर) न फाटता सेक्शन काढणं, बारीक ब्रशच्या टोकावर तो उचलून प्लेटच्या पुढच्या वेलमध्ये (खळग्यात) सोडणं, त्याची कुठली बाजू डावी हे विसरू नये म्हणून ठरलेल्या एकाच बाजूच्या व्हेंट्रल (पोटाकडच्या) भागात छोटीशी खाच पाडणं. हे कुणी काढून घेत नाही. जुने सेक्शनही पेशींच्या आकाराच्या तुलनेला कामी आले.

ट्रेसरचा अर्ज पहिल्याच प्रस्तावात घाला. आणि तो फक्त थॅलॅमसमध्ये टोचू नका. नावात स्पायनोथॅलॅमिक असलं तरी रॅटच्या कमरेच्या भागातल्या लॅमिना एकमधून थॅलॅमसला जाणाऱ्या पेशी फार थोड्या. बहुतेक सगळ्या ब्रेनस्टेममधल्या लॅटरल पॅराब्रेकियल भागात पोचतात. तेही मुख्यतः विरुद्ध बाजूला.

मी उजव्या पॅराब्रेकियलमध्ये कॉलरा टॉक्सिन बी हा ट्रेसर टोचला (तो हिरवा दिसणार होता), मग तीन दिवस थांबले. कन्फोकल मायक्रोस्कोपखाली पहिल्या सेक्शनच्या डाव्या बाजूला हिरवं आणि लाल एकत्र दिसणाऱ्या चार पेशी होत्या. आजूबाजूला नुसत्या लाल कितीतरी. त्या चार मी तीनदा मोजल्या.