जनरेटरचं डिझेल सांडलं तर: कोबा आणि माती कशी साफ करायची

सोसायटीच्या जनरेटरची नळी रात्रभर गळते. सकाळी कुणीतरी पाण्याचा पाइप लावतं आणि अर्ध्या तासात सगळं चकाचक. खरं नुकसान तिथंच होतं. डिझेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे धारेसोबत ते गटारात, बागेच्या वाफ्यात आणि कोब्याच्या भेगांत जाऊन बसतं. तेव्हा आधी पाणी बंद, मग टाकीचा कॉक.

उताराच्या बाजूला वाळूच्या पोत्यांचा बांध घाला. गटाराच्या जाळीवर प्लॅस्टिक टाकून वर वाळू दाबा. आपल्याकडच्या डिझेलला फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते त्याची, अट किमान 35 अंश सेल्सिअसची आहे. मे महिन्यात एवढं तापमान सहज गाठलं जातं. म्हणून विडी, वेल्डिंग काही नको. वाफ हवेपेक्षा जड असते, तळघरात ती जमिनीलगत साचते. दारं समोरासमोर उघडी ठेवा, पण साधा पंखा तेलाजवळ लावू नका, ठिणगी पडते.

कोब्यावर लाकडाच्या भुशाचा किंवा भाताच्या तुसाचा बोटभर थर पसरा. दोन-तीन तासांनी खराट्यानं गोळा करा, पुन्हा नवा थर टाका. भुसा कोरडा राहू लागला की बादलीभर गरम पाण्यात डिटर्जंट घालून ताठ ब्रशनं घासा आणि ते पाणी पोत्यानं टिपून ड्रममध्ये पिळा. धुण्याच्या सोड्यावर भिस्त ठेवू नका. खाद्यतेलाचा त्यानं थोडाफार साबण होतो, डिझेलचा होत नाही.

उरलेल्या काळ्या डागाला लेप लागतो. खडूची पूड डिटर्जंटच्या पाण्यात श्रीखंडाइतकी दाट कालवा, 1 सेंटिमीटर जाड थापा, 24 तास प्लॅस्टिकनं झाका आणि मग उघडून वाळू द्या. लेप वाळताना तेल वर ओढतो. ओला असतानाच खरवडला तर मेहनत वाया. तीन-चार लेप लागू शकतात. ॲसिड मारायचा मोह टाळा: ते सिमेंट खातं, तेल जागचं हलत नाही. शेवटी पाण्याचा थेंब टाकून बघा. मणी होऊन राहिला तर तेल अजून आत आहे. त्यावर इपॉक्सीचा (फरशीच्या रंगाचा) थर मारला तर पापुद्रे सुटतील.

माती वरून फसवते. मुरमात डिझेल सरळ खाली उतरतं, काळ्या मातीत उन्हाळ्यातल्या भेगांतून. दर वीतभर खोलीवर चमचाभर माती काचेच्या बाटलीत पाण्यासोबत हलवा. वर इंद्रधनुषी तवंग आला तर खोदकाम चालू ठेवा. निदान दोन थर स्वच्छ लागले की थांबा. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर पाणी तपासून होईपर्यंत उपसा बंद.

खोदलेली माती शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदावर, पावसाच्या आडोशाला, 30 सेंटिमीटर जाडीत पसरा. भुकटी करून कोकोपीट किंवा उसाचं चिपाड मिसळा, म्हणजे हवा खेळते. तेल खाणारे जिवाणू मातीत असतातच, त्यांना नत्र आणि स्फुरद कमी पडतं. अंदाज असा: एका घनमीटर मातीत सुमारे 9 लिटर डिझेल मुरलं असेल, तर 1.25 किलो युरिया आणि 300 ग्रॅम डीएपी. हे चार हप्त्यांत, पंधरा-पंधरा दिवसांनी द्या. एकदम ओतलं तर अमोनियानं जिवाणूच मरतात. ओल मुठीत गोळा होईल पण पाणी निथळणार नाही इतकी ठेवा, आठवड्यातून एकदा फावड्यानं उलथापालथ करा. टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या ऑईलझॅपरसारखं जिवाणूंचं मिश्रण कामाला गती देतं, पण हवा-पाणी नसेल तर तेही पडून राहतं.

तेलकट भुसा, पोती आणि ड्रममधलं पाणी घंटागाडीत देऊ नका. 2016 च्या घातक कचरा नियमांत तेलमिश्रित कचरा आणि चिंध्या येतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा. माती जागेवरच शुद्ध करायची असेल तरी आधी मंडळाला विचारा.

तीन महिन्यांनी दोन कुंड्या घ्या, एकीत ही माती, दुसरीत स्वच्छ. प्रत्येकीत वीस मेथीदाणे पेरा. आठवड्यात दोन्हींकडे सारखेच कोंब आले, तर नमुना प्रयोगशाळेत टीपीएचसाठी (मातीत उरलेल्या एकूण खनिज तेलाच्या मोजणीसाठी) पाठवण्याजोगा झाला. अहवाल बरा आला तर जास्वंद, तगर लावायला हरकत नाही. पालेभाजी मात्र त्या वाफ्यात नको.