आधी तारीख, मग तिकीट : जपानच्या छोट्या गावांतली संग्रहालयं बघायला जाताना

तोक्यो-क्योतो उरकून एखाद्या लहान गावातलं कलासंग्रहालय बघायचं मनात असेल तर नकाशाच्या आधी कॅलेंडर काढा. जुनी जपानी चित्रं कागदावर किंवा रेशमावर काढलेली असतात, आणि त्यांचे रंग उजेडात विटतात. म्हणून ती थोडे आठवडे भिंतीवर येतात आणि मग बराच काळ अंधारात विश्रांती घेतात. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या कृती वर्षाकाठी साधारण ६० दिवसांपेक्षा जास्त मांडू नयेत, असा सरकारी दंडकच आहे. त्यामुळे ज्या चित्रासाठी संग्रहालय प्रसिद्ध असतं, तेच चित्र बहुतेक वेळा कोठीत असतं. आतामीच्या मोआ संग्रहालयात ओगाता कोरिन या जुन्या चित्रकाराचे, लाल-पांढऱ्या आलुबुखाराची फुलं रंगवलेले घडीचे पडदे आहेत. ते दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास, बाहेर तीच फुलं फुललेली असताना बाहेर काढतात. नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयातल्या बाराव्या शतकातल्या, 'गेन्जी' या जुन्या जपानी कादंबरीवरच्या चित्रगुंडाळ्या शरद ऋतूत थोडेच दिवस दिसतात, आणि त्याही सगळ्या नाहीत. एप्रिलच्या सुट्टीत गेलात तर दोन्हीकडे पोस्टकार्डावर समाधान मानावं लागेल.

म्हणून पहिलं काम म्हणजे संग्रहालयाचं संकेतस्थळ उघडायचं, आणि तेही जपानी पान. इंग्रजी पानावर पत्ता नि तिकिटाचा दर असतो, बाकीचं असेलच असं नाही. जपानी पानावर मांडलेल्या कृतींची पीडीएफ यादी सापडते. फोनमधल्या भाषांतराने ती वाचता येते, नावांची थोडी मोडतोड होते इतकंच. मोठ्या प्रदर्शनाचे बहुधा दोन टप्पे असतात, झेन्की म्हणजे पहिला आणि कोकी म्हणजे दुसरा. मध्यंतरात निम्मी चित्रं बदलतात. पोस्टरवरची लाट किंवा बगळा तुमच्या तारखेला आहे की परत गेला, हे यादीतल्या त्या चित्रासमोरच्या रकान्यात बघा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

त्याच बैठकीत सुट्ट्या बघून टाका. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मंगळवारी. दोन प्रदर्शनांच्या मधे मांडणी बदलायला कित्येक दिवस दारं बंद ठेवतात, आणि ही तारीख दारावरच्या पाटीशिवाय फक्त त्या जपानी पानावर असते. वर्षअखेरीस सगळीकडेच शुकशुकाट. शेवटचा प्रवेश बंद होण्याआधी अर्धा तास, आणि तिथे अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली सुट्टी आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन म्हणजे पितरांचा सण, हे दोन काळ शक्यतो टाळा.

गाडीचं वेळापत्रक शिनकानसेनपुरतं, म्हणजे बुलेट ट्रेनपुरतं बघून थांबू नका, खरी परीक्षा शेवटच्या दहा किलोमीटरची असते. गावातल्या बसमध्ये बऱ्याचदा मागच्या दाराने चढतात. चढताच यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी ओढून घ्यायची, समोरच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जाताना बघायचं आणि उतरताना पुढे ड्रायव्हरजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकायचे. सुट्टे करायचं यंत्र तिथेच असतं, पण ते साधारणपणे हजार येनच्या नोटेपुरतंच. तेव्हा खिशात हजाराच्या नोटा आणि चिल्लर हवी. तोक्योतलं रेल्वे-कार्ड सगळ्या गावांत चालेल हे गृहीत धरू नका. परतीच्या बसचा फलक उतरल्या उतरल्या फोनमध्ये टिपून घ्या, कारण दुपारी दोन बसमध्ये दीड तासाचं अंतर असणं नवल नाही.

आता पिशवी. पेन घरी ठेवा, पेन्सिल घ्या. दालनात टिपणं काढायला पेन्सिलच चालते, पेन दिसलं की कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या बाई अदबीने उठून तुमच्याकडे येतात. लॉकरसाठी शंभर येनचं नाणं लागतं, ते पुष्कळ ठिकाणी परत मिळतं. देवळांत आणि जुन्या घरांत बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे धड हवेत. चित्रांसाठी उजेड मंद आणि हवा गार ठेवतात, म्हणून भर ऑगस्टमध्येही आईसाठी शाल असू द्या. आणखी एक वस्तू आपल्याकडे कुणी सुचवत नाही, ती म्हणजे एका डोळ्याची छोटी दुर्बीण. जपानी प्रेक्षकांकडे ती बऱ्याचदा दिसते. काचेपलीकडच्या लाखेच्या डबीवरची सोन्याची भुकटी किंवा तलवारीच्या धारेजवळची धूसर लहर नुसत्या डोळ्यांनी निसटते. शाकाहारी असाल तर दशम्या-लाडू बरोबर ठेवाच, नूडल्सच्या साध्या रश्शातही मासा असतो. मात्र खायचं ते बाहेरच्या बाकावर.

कुठे जायचं हे ठरलं नसेल तर माझं मत नागानोजवळच्या ओबुसेला. वयाची ऐंशी ओलांडल्यावर होकुसाई, तो लाटेच्या चित्राचा प्रसिद्ध चित्रकार, इथल्या एका श्रीमंत, कलासक्त व्यापाऱ्याकडे येऊन राहिला. १९७६ साली उघडलेल्या होकुसाई-कान या त्याच्या संग्रहालयात उत्सवाचे दोन रथ उभे आहेत, आणि चित्रं आहेत ती रथांच्या छतावर : एकावर ड्रॅगन आणि फिनिक्स, दुसऱ्यावर दोन लाटा. लाटांची ती गडद निळाई घुसळत मध्याकडे जाते. चौकटीवरही चित्रं आहेत, तिथे बहुतेकांचं लक्ष जात नाही, तुम्ही बघा. गावाच्या कडेला गान्शो-इन देवळाच्या छतावर १८४८च्या सुमाराचा भलामोठा फिनिक्स आहे. कुठेही बसलात तरी त्याचा डोळा तुमच्यावरच. तिथे फोटो काढायला मनाई आहे, हे घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा. गाव चेस्टनटसाठी नावाजलेलं आहे, त्यामुळे गोडाची सोय होते.

वडीलधारी मंडळी बरोबर असतील आणि चालणं जमत नसेल तर शिमानेमधलं आदाची संग्रहालय बरं. १९७० पासून चालू आहे, वर्षभर उघडं असतं, यासुगी स्टेशनवरून त्यांची मोफत बस मिळते. फक्त एक गोष्ट आधीच स्पष्ट करा, नाहीतर बाबा हिरमुसतील : त्या जगप्रसिद्ध बागेत पाय ठेवायचा नाही, ती काचेतून बघायची. एका खोलीत तर लोंबते चित्र टांगायच्या जागी भिंतच कापली आहे आणि त्या उभ्या चौकटीत मागची बाग दिसते. सकाळी नऊला दार उघडतं तेव्हाच गेलात तर या चौकटीसमोर पाच मिनिटं तुमची एकट्याची मिळतात. वर योकोयामा ताइकानची चित्रं आहेत, साधारण १२० चा संग्रह, त्यातली काही ऋतूप्रमाणे मांडतात. हाच ताइकान १९०३ साली कोलकात्याला येऊन टागोरांच्या घराण्याशी जोडला गेला होता.

आणि अभ्यास. मुंबईत असाल तर निघण्याआधी एक रविवार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्या. जमशेटजींचे चिरंजीव सर दोराबजी आणि सर रतन टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या जपानी वस्तू तिथे आहेत, नजर तयार व्हायला तेवढ्या पुरतात. मराठी माणसाने वाचून जावं असं दुसरं नाव म्हणजे जपानी चित्रकार अराई कानपो. टागोरांच्या बोलावण्यावरून १९१६ साली तो भारतात आला आणि पुढे अजिंठ्याला राहून त्याने तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या तोक्योला नेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. आयुष्याच्या शेवटी तो होर्यूजी देवळातल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. देवळातली ती मूळ चित्रंही १९४९ मध्ये आगीत सापडली. तोचिगीमधल्या साकुरा या छोट्या शहरातलं संग्रहालय त्याच्या नावाने आहे, उजीइए हे जवळचं स्टेशन. त्याची चित्रंही आलटूनपालटून लागतात, म्हणजे यादी इथेही बघायचीच. अजिंठा पाहिलेला माणूस तिथे गेला तर तिकिटाचे पैसे वसूल.

शेवटी सामानाचं. प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तक, म्हणजे झुरोकु, दीड-दोन किलोचं असतं आणि पुढे सहसा दुकानात मिळत नाही, तेव्हा घ्यायचं असेल तर तिथेच घ्या. पहिल्याच गावात दोन घेऊन बसलात तर पुढचा प्रवास खांद्यावर येईल, म्हणून जपानमध्ये कुणाकडे उतरला असाल तर कोपऱ्यावरच्या किराणाच्या दुकानातून कुरिअरने तिकडे धाडून द्या, पत्त्याची जपानी चिठ्ठी पाकिटात आधीच लिहून ठेवलेली असावी. दाराजवळच्या रॅकमध्ये आसपासच्या प्रदर्शनांची ए-फोर आकाराची सुंदर पत्रकं फुकट असतात. ती दुमडू नयेत म्हणून एक प्लॅस्टिकचं फोल्डर.