डिक्री हातात आली आणि गाळा हातचा गेला

वकिलीची सनद घेऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा सरांनी एक फाइल माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "डिक्री झालीय, आता फक्त दरखास्त लावायची आहे." डिक्री म्हणजे दाव्याचा निकाल देणारा कोर्टाचा हुकूम, दरखास्त म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. त्या 'फक्त'वर माझं पुढचं सव्वा वर्ष गेलं.

अशील म्हणजे कळव्याचे एक काका. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका व्यापाऱ्याकडे त्यांची सहा लाख चाळीस हजारांची बिलं अडकली होती. चार वर्षं दावा चालला. निकाल लागला त्या दिवशी काकांनी कोर्ट नाक्यावर पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. आता डिक्रीच्या दिवशी कुणी ज्युनिअर पेढे घेऊन आला की मी आधी विचारते, जेडीच्या, म्हणजे ज्याच्याकडून डिक्री वसूल करायची त्या ऋणकोच्या, नावावर काय आहे आणि ते कुठे आहे? उत्तर नसेल तर पेढा परत डब्यात.

सीपीसीची, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेची, अंमलबजावणीवरची ऑर्डर २१ कुठे सुरू होते, दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे, नुसतं अपील दाखल झालं म्हणजे स्टे मिळाला असं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. एवढंच सांगते, की बारा वर्षांच्या भरवशावर झोपू नका. डिक्रीला दोन वर्षं उलटली की याच ऑर्डरच्या रूल २२ ची नोटीस आधी काढावी लागते, आणि नोटीस म्हणजे जेडीला आवराआवर करायला मिळालेली सवड.

आता माझा खड्डा. यावर जरा लांबण लागेल, पण लागू दे.

जेडीची वागळेतली जागा भाड्याची होती. स्वतःच्या नावावर एकच गाळा, कळंबोलीला. मी मोठ्या उत्साहाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेऊन इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, काढला. त्यावर दुय्यम निबंधक, पनवेल असं स्वच्छ छापलेलं होतं. मी वाचलं ते मालकाचं नाव आणि क्षेत्रफळ. माझ्या डोक्यात कळंबोली म्हणजे नवी मुंबई आणि नवी मुंबई म्हणजे ठाणे. मी ठाण्याच्या नौपाड्यात वाढले, पनवेल लोकल आमच्याच स्टेशनातून सुटते, त्यामुळे तो सगळा पट्टा मला घरचाच वाटायचा. पण ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. बेलापूर सोडून गाडी खारघरला लागली की रायगड जिल्हा. कामोठे, कळंबोली, तळोजा, नवीन पनवेल सगळं रायगडात. डब्यात बसलेल्याला काही कळत नाही, कोर्टाला कळतं.

सीपीसीच्या कलम ३९ ला २००२ च्या दुरुस्तीने पोटकलम ४ जोडलं गेलं. डिक्री देणाऱ्या कोर्टाला आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर अंमलबजावणी करता येत नाही, असं ते सरळ सांगतं. हे मी परीक्षेला पाठ केलं होतं. तरी ठाण्यात दरखास्त लावली, परिशिष्टात कळंबोलीचा गाळा लिहिला, प्रोसेस फी भरली. कुणी हटकलं नाही. हटकणं हे टेबलावरच्या माणसाचं काम नाही, ते माझंच होतं. जप्तीचा आदेशही झाला. वॉरंट नाझरकडे, म्हणजे कोर्टात बजावणीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलं आणि काही महिन्यांनी ते बजावायला जाणाऱ्या बेलिफाचा शेरा आला, 'मिळकत हद्दीबाहेर'.

मग दुसरी चूक, पहिलीपेक्षा मूर्खपणाची. आधी मी ज्या ऑफिसात होते तिथे फायनान्स कंपन्यांचे लवादाचे निवाडे वसूल करायचं काम चालायचं. निवाड्याचं गणित वेगळं आहे. सुंदरम फायनान्स विरुद्ध अब्दुल समद या २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की निवाडा थेट मालमत्ता असेल तिथल्या कोर्टात अंमलबजावणीसाठी नेता येतो, डिक्री ट्रान्सफर करून आणावी लागत नाही. तीच सवय हाताला. मी डिक्रीची नक्कल घेऊन तडक पनवेल गाठलं. तिथल्या शिरस्तेदारांनी कागद उलटे करून बघितले आणि विचारलं, "मॅडम, ट्रान्सफर कुठे आहे?"

ट्रान्सफर नव्हती. पुन्हा ठाणे. डिक्री देणाऱ्या कोर्टात कलम ३९ खाली डिक्री पनवेलच्या कोर्टाकडे पाठवण्याचा अर्ज. त्यावर आदेश झाला की रूल ६ प्रमाणे तीन कागद पाठवले जातात: डिक्रीची प्रत, वसुली झालेली नाही किंवा किती झाली याचा दाखला, आणि अंमलबजावणीचा काही आदेश झाला असेल तर त्याची प्रत, नसेल तर तसा दाखला. माझ्या बाबतीत वॉरंटाचा आदेश झालेला होता, त्याची नक्कल जोडायची राहिली, त्यात आणखी तीन आठवडे गेले. हे कागद पोचले की नाही ते स्वतः जाऊन बघा. जावक क्रमांक मिळाला म्हणजे आवक झाली असं समजू नका.

आणि या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र अगदी चोख झाली होती. ठाण्यातल्या दरखास्तीची नोटीस जेडीला वागळेच्या पत्त्यावर पहिल्याच फेरीत बजावली गेली होती. म्हणजे मी त्याला कळवलं की तुझ्या गाळ्यावर येतेय, आणि मग आठ महिने आलेच नाही. पनवेलच्या दरखास्तीला नंबर पडला त्याच आठवड्यात पुन्हा इंडेक्स टू काढला. मालकाच्या रकान्यात दुसरंच नाव.

जप्तीनंतर केलेली विक्री कलम ६४ खाली आपल्याविरुद्ध टिकत नाही. पण जप्ती झालीच नव्हती. ऋणकोने धनकोला बुडवायला हस्तांतरण केलं म्हणून मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली वेगळा दावा करता येतो, पण प्रामाणिकपणे किंमत मोजून घेणाऱ्यासमोर तो लंगडा पडतो. त्या रात्री मी कुणाशी बोलले नाही. काकांना फोन करायलाच दोन दिवस लावले.

हे वाचून घाबरला असाल तर जरा श्वास घ्या. एक मालमत्ता गेली म्हणजे डिक्री मेली नाही.

काकांचा पहिला आग्रह अटकेचा होता. सगळ्याच अशिलांचा असतो. पाच हजारांच्या वरच्या डिक्रीला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे खरी, पण बाईला पैशांच्या डिक्रीत अटक होत नाही, आणि बाकीच्यांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाचा १९८० चा जॉली जॉर्ज व्हर्गीसचा निकाल आडवा येतो. निव्वळ पैसे नाहीत म्हणून माणसाला आत टाकता येत नाही; देण्याची ऐपत असून टाळतोय, काहीतरी खोटेपणा आहे, हे आपण दाखवायचं. शिवाय कैदेतला निर्वाह भत्ता धनकोनेच भरायचा असतो. हे सांगितल्यावर काका माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे त्याला जेवू पण मीच घालायचं?"

कामाला आला तो रूल ४१. डिक्रीचे पैसे ३० दिवसांत आले नाहीत तर कोर्टाकडे अर्ज करून जेडीला आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येतं. दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंतची कैद, आणि इथे ऐपतीचा वाद येत नाही. आमच्या जेडीने टाळाटाळ केली, कारणे दाखवा निघाल्यावर दिलं. त्यात एक ओळ होती: वागळेतल्याच एका कंपनीकडून जॉबवर्कची बिलं येणं बाकी. त्या ओळीवर मी रूल ४६ए चा अर्ज केला. म्हणजे जो तिसरा माणूस जेडीला पैसे देणं लागतो त्याला कोर्टाची नोटीस, की ते पैसे जेडीला न देता कोर्टात भर. दोन लाख ऐंशी हजार कोर्टात जमा झाले. कंपनी ठाण्यातली होती हे मी या वेळी तीनदा तपासलं होतं.

पगारदार जेडी असेल तर काम सोपं, पण सावकाश. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. एकतीस हजार पगारावर महिना दहा हजार हाती लागतात, तेही एका डिक्रीत एकूण २४ महिनेच. सरकारी, रेल्वेच्या किंवा महापालिकेच्या नोकराचा पगार वाटणारा अधिकारी हद्दीबाहेर असला तरी रूल ४८ खाली चालतं, खासगी कंपनीचा मात्र हद्दीत असावा लागतो. बघा, पुन्हा हद्दच. पीएफला हात लावू नका. मंगळसूत्र, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं यांनाही नाही. हे अशिलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर बेलिफासोबत गेल्यावर तो तिथेच टीव्हीसोबत कुकर उचलायला निघतो.

आता माझी काही मतं, पटली तर घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारे दरखास्तीचे तयार नमुने घेऊ नका. मालमत्तेचं परिशिष्ट कुणाच्या नमुन्यात नसतं, आणि दरखास्तीत वाचण्यासारखं तेवढंच असतं. 'वसुली करून देतो' म्हणणारे जे लोक कोर्टाच्या आवारात भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा. त्यांनी जेडीकडून परस्पर रोख आणली आणि तुम्ही रूल २ खाली ती कोर्टात नोंदवली नाही, तर दोन्हीकडून शिव्या तुम्हालाच. सीनिअरबद्दल बोलायचं तर माझे सर दाव्यात वाघ आहेत, पण दरखास्त त्यांना कमी दर्जाचं काम वाटतं. बहुतेक सीनिअरना वाटतं. म्हणून दरखास्त शिकायची तर नाझरच्या टेबलाजवळ उभं राहून शिका. मला खरं शिकवलं एका निवृत्तीला आलेल्या बेलिफमामांनी. ते वॉरंट हातात घेतलं की आधी गाव वाचायचे, मग तालुका, आणि सगळ्यात शेवटी नाव.

अशील तुम्हाला सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा निकाल दाखवतील, की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायची. निकाल खरा आहे, आणि तारीख पडली की तो दाखवायला लाजू नका. पण माझे आठ महिने कोर्टाने खाल्ले नव्हते.

उरलेल्या रकमेवर व्याज चालू आहे. जेडीने प्रतिज्ञापत्रात एक गाडी लपवली असा आमचा अर्ज आहे, पुढची तारीख पंधरा दिवसांनी. परवा काकांचा फोन आला होता, पेढे आणू का म्हणून. म्हटलं, पैसे खात्यात पडले की आणा.