सौदी पैसा आणि खेळ: या रिसर्चमध्ये उतरायच्या आधी हे वाचा

अधूनमधून कोणीतरी विचारतंच की स्पोर्ट्सवॉशिंगवर (म्हणजे खेळात पैसा ओतून देशाची प्रतिमा धुऊन घेणं) थिसिस करायचाय, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदाच लिहून टाकते. पीआयएफ म्हणजे सौदीचा सरकारी गुंतवणूक फंड, लिव्ह गोल्फ ही गोल्फची लीग त्यांनीच उभी केली, 2034 चा फुटबॉल वर्ल्ड कप सौदीला मिळालाय, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

आता मुख्य खड्डा. नवीन माणूस एक्सेल उघडतो, स्पॉन्सरची नावं टाकतो आणि शेजारी कॉलम करतो, 'सरकारी? हो/नाही'. मी पण तेच केलं आणि त्यापायी अख्खं चॅप्टर परत लिहावं लागलं, गाईडने एक ओळसुद्धा ठेवली नाही. कारण 'सरकारी' हे उत्तर कोण विचारतंय आणि कुठे विचारतंय त्यावर बदलतं. न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचंच बघा. ऑक्टोबर 2021 मध्ये पीआयएफने क्लबचा 80 टक्के हिस्सा घेतला तेव्हा तिथल्या प्रीमियर लीगने सांगितलं की सौदी सरकार क्लब चालवणार नाही अशी कायदेशीर हमी आम्हाला मिळालीय. म्हणजे कॉलममध्ये 'नाही'. मग 2023 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या कोर्टात लिव्ह विरुद्ध पीजीए टूर (अमेरिकेतली जुनी गोल्फ स्पर्धामालिका) केसमध्ये पीजीए टूरने पीआयएफ आणि त्याचे गव्हर्नर यासिर अल-रुमय्यान यांच्याकडे कागदपत्रं मागितली, तर पीआयएफच्या वकिलांनी लिहून दिलं की पीआयएफ हा सौदी राज्यसत्तेचाच भाग आहे, गव्हर्नर पदावर असलेले मंत्री आहेत, त्यामुळे त्यांना कागद द्यायला भाग पाडता येणार नाही. आता कॉलममध्ये 'हो'? बरं, हे अल-रुमय्यान न्यूकॅसलचेही चेअरमन, सौदीची सरकारी तेल कंपनी अरामको, तिचेही चेअरमन. (कोर्टाने तो मुद्दा मानला नाही, हा धंद्याचा व्यवहार आहे म्हणून कागद द्या म्हणाले.)

तेव्हा 'हो/नाही' काढा. त्याजागी मालकी किती टक्के आणि कोणत्या तारखेला, बोर्डावर कोण, आणि ही कंपनी स्वतःबद्दल कुठे काय बोलली, असे कॉलम करा. तारीख तर हवीच हवी. न्यूकॅसलमध्ये पीआयएफचा हिस्सा 2024 मध्ये 85 टक्के झाला, तुम्ही 2021 च्या बातमीवरून 80 लिहिलं की व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पकडलेच जाणार. न्यूकॅसलच्या शर्टावर सेला आहे, ती पीआयएफच्याच पोर्टफोलिओतली कंपनी. म्हणजे मालक आणि स्पॉन्सर एकाच घरातले, आणि नुसते लोगो मोजत बसलात तर हे दिसतच नाही. खरं जाळं खुर्च्यांमध्ये असतं, कोण कुठल्या बोर्डावर बसलाय ते बघा.

घाबरू नका, अरबी येत नसेल तरी सुरुवात होते. अरामकोचे वार्षिक अहवाल इंग्रजीत आहेत, ब्रिटिश कंपन्यांचे डायरेक्टर आणि मालक कंपनीज हाउस या तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साईटवर फुकट बघता येतात. फक्त नावांची स्पेलिंगं चार प्रकारे लिहिलेली असतात, सगळ्यांनी सर्च करा.

शॉर्टकटबद्दल माझं मत वाईट आहे. विकिपीडियाच्या पानावरचा माहितीचा चौकोन किंवा एआयने काढलेली समरी यावर टक्केवारी लिहू नका, मूळ कागद उघडा. आणि मेंटॉर? 'आधी सॉफ्ट पॉवरची (सैन्याऐवजी संस्कृती-खेळातून पाडलेल्या प्रभावाची) थिअरी वाच' म्हणून सहा महिने घालवणारे भरपूर भेटतील. माझं ऐकाल तर ओळखीतल्या एखाद्या सीएला चहा पाजा आणि ताळेबंदातल्या रिलेटेड पार्टीच्या (म्हणजे एकाच घरातल्या कंपन्या-माणसांमधल्या व्यवहारांच्या) टिपा कशा वाचायच्या ते शिकून घ्या, प्रोफेसर नंतर.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. सगळंच कारस्थान नसतं. अरामकोने 2023 मध्ये व्हॅल्व्होलिनचा ऑइल-लुब्रिकंटचा जागतिक धंदा विकत घेतला, अशा कंपनीने फॉर्म्युला वनमध्ये नाव लावणं ही साधी जाहिरातसुद्धा असू शकते. तसंच तारखांचं. फिफाने 4 ऑक्टोबर 2023 ला 2034 साठी दार उघडलं, त्याच दिवशी सौदीने बोली जाहीर केली, एप्रिल 2024 मध्ये अरामको फिफाचा पार्टनर, 11 डिसेंबर 2024 ला यजमानपद, तेही एकमेव बोलीवर. शेजारी शेजारी मांडा, जरूर मांडा, पण 'म्हणून' हा शब्द पुराव्याशिवाय घालू नका. 'लाच' तर अजिबात नको, ब्रिटनमधला मानहानीचा कायदा महागात पडतो आणि तिथे वकील तासावर पैसे घेतात.

विषय छोटा धरा. आपल्याला सोयीचं म्हणजे क्रिकेट: 2022 च्या आयपीएलला ऑरेंज आणि पर्पल कॅपवर अरामको, मग आयसीसीशी करार, नोव्हेंबर 2024 ला आयपीएलचा मेगा ऑक्शन थेट जेद्दाहमध्ये. एवढ्यावर एमएचं डेझर्टेशन आरामात होतं, आणि मुंबईत बसून होतं. जुन्या प्रेस रिलीज साईटवरून गायब होतात, त्यामुळे पान सापडलं की त्याच क्षणी वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साईट) सेव्ह करा आणि पीडीएफच्या नावात तारीख टाका, 'फायनल_नवीन_2' नको.