थकवा जात नसेल तर कारण कसे शोधावे

सततच्या थकव्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला आपल्याकडे बरेचदा टॉनिकची बाटली तरी मिळते, नाहीतर सलाईन. सलाईन लावले की अंगात शक्ती येते हा समज खेड्यात आहे तसाच शहरातही आहे, म्हणून त्या बाटलीत नेमके काय असते ते आधी पाहू. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि ऊर्जा मुळीच नसते. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी गेलेल्या रुग्णाचे प्राण याच बाटलीने वाचतात, पण महिनोन्‌महिने गळून गेल्यासारखे वाटणाऱ्या माणसाला तिच्याने येणारी तरतरी बहुतांशी तासभर निवांत पडून राहिल्याची असते. उपचार करायचा तो कारणावर, आणि ते शोधायला सुरुवात घरीच करता येते.

प्रथम आपला थकवा कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे. दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या पेंग येते, बसमध्ये डोळे मिटतात, असे असेल तर झोपेकडे पाहावे. झोप पुरी होते, पण दोन जिने चढताच दम लागतो, छातीत धडधडते, पाय भरून येतात, असे असेल तर रक्त, हृदय आणि फुप्फुसे तपासावी लागतात. शरीर चालते, पण कशातच मन लागत नाही आणि सकाळी उठणेच नकोसे वाटते, तेव्हा मनाच्या आजाराचा आणि थायरॉईडचा विचार करावा. या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्याही असतात. म्हणून दोन आठवडे एका वहीत झोपण्या-उठण्याच्या वेळा, जेवणखाण, चहा, घेतलेली औषधे, स्त्रियांनी पाळीचे दिवस आणि थकवा सर्वांत जास्त जाणवण्याची वेळ लिहून ठेवावी.

बऱ्याच घरांत ही वहीच उत्तर देऊन टाकते. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. रात्रीची भांडी आवरून साडेअकराला आडवी होणारी आणि नळाला पाणी येते म्हणून पहाटे साडेचारला उठणारी बाई पाचच तास झोपते, आणि तिला कोणत्याही गोळीपेक्षा घरातल्या दुसऱ्या माणसाने पाणी भरण्याची जास्त गरज आहे. झोपेचे तास पुरेसे असूनही दिवसा पेंग येत असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारावे. मोठमोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, मग दचकून पुन्हा श्वास घेणे आणि सकाळी डोके जड असणे ही झोपेत श्वासमार्ग बंद पडण्याच्या आजाराची लक्षणे आहेत. त्याचे निदान रात्रभराच्या तपासणीने होते आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

अपुऱ्या झोपेचा सर्वांत घातक परिणाम रस्त्यावर दिसतो. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. दिवसभर कार्यालयात काम करून रात्री गाडी काढून गावी निघणारा माणूस एक थेंबही न घेता या अवस्थेत असतो. खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे झोपावे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर पुढचा प्रवास सकाळी करावा.

झोप ठीक असेल तर चालू औषधांची यादी पाहावी. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांनी मरगळ येते. मात्र कोणतेही औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. त्यानंतर रक्ततपासणी करावी. त्यासाठी साठ-सत्तर तपासण्यांचे पॅकेज घेण्याची गरज नसते. रक्ताचा संपूर्ण हिमोग्राम, फेरिटिन, साखर, थायरॉईडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि बी-१२ एवढ्यांवर बहुतेकांचे काम भागते.

यातील फेरिटिन आवर्जून मागून घ्यावे, कारण शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो आणि हिमोग्लोबिन घसरण्याआधीच तो रिकामा झालेला असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या आणि पुरुषाचे १३ च्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. ‘बायकांचे दहाच असते’ असे म्हणून तो अहवाल कपाटात ठेवू नये.

धान्य-डाळी-भाज्यांतले लोह आतड्यातून जेमतेम शोषले जाते. ‘क’ जीवनसत्त्व ते शोषायला मदत करते आणि चहातले टॅनिन अडथळा आणते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत म्हणूनच उत्तम आहे, परंतु त्याच पोह्यांबरोबर कपभर चहा घेतला की लिंबाने दिलेले बरेचसे चहा काढून घेतो. जेवण किंवा न्याहारी आणि चहा यांत किमान एक तास असावा. लोखंडी कढईतली आमटी, हळिवाचे लाडू, मटण-कलेजी हे सारे चांगले. मात्र हिमोग्लोबिन एकदा उतरले की केवळ आहाराने ते भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. दूध, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून ती दूर ठेवावी. शौचास काळी होते, त्याला घाबरू नये. आकडा सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि नेमके इथेच बहुतेक जण थांबतात. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले तर पोटातून, आतड्यातून किंवा मूळव्याधीतून रक्त जाते आहे का, हे तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नये.

बी-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज अन्नातच मिळते, त्यामुळे दूध-दहीही बेताने घेणाऱ्या शाकाहारी माणसाला ते कमी पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांतही ते घटते. हातापायांना मुंग्या आणि जिभेची आग ही त्याची खूण. बी-१२ कमी असताना केवळ फोलिक ॲसिड हे दुसरे जीवनसत्त्व घेतल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा कोविडनंतर कित्येक आठवडे अंगात त्राण नसणे हे नेहमीचे आहे. तेव्हा काम हळूहळू वाढवावे. जराशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागत असेल तर मात्र जिद्दीने व्यायाम वाढवू नये, त्याने त्रास वाढतो. सारे अहवाल चांगले असूनही उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर त्याला आळस म्हणून मोकळे होऊ नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

थकव्याबरोबर छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, घेरी येणे किंवा शौचावाटे रक्त जाणे यांपैकी काही असेल तर वही लिहीत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरणारे वजन अशी लक्षणे असतील तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.