भाजीच्या शेवया: रविवारी कापायच्या, गुरुवारपर्यंत पुरवायच्या

मी डोंबिवलीत राहते आणि नोकरीला फोर्टात जाते. संध्याकाळी घरात पाऊल टाकेपर्यंत सव्वाआठ होतात. ह्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी रात्रीचा भात-पोळी कमी करायला सांगितल्यापासून आठवड्यातल्या चार रात्री आमच्याकडे भाजीच्या शेवया असतात. म्हणजे दुधी, गाजर, नवलकोल, झुकिनी यंत्रावर फिरवून काढलेल्या लांब नूडल्स. यंत्राचं नाव स्पायरलायझर, पण सासूबाई पहिल्या दिवसापासून त्याला सोऱ्या म्हणतात आणि आता आम्हीही तेच म्हणतो. सव्वाआठला दुधी सोलायला घेतला तर जेवायला दहा वाजतात. म्हणून रविवारी संध्याकाळी चार दिवसांचं कापून ठेवायचं.

पहिल्यांदा केलं तेव्हा दुधी, गाजर, बीट सगळं कापलं, चाळणीत घालून स्वच्छ धुतलं, वरून थोडं मीठ भुरभुरवलं आणि एकाच मोठ्या डब्यात भरलं. मंगळवारी झाकण उघडलं तर तळाशी दोन बोटं गुलाबी पाणी. दुधी लिबलिबीत झालेला, त्याला आंबूस वास. पाऊण किलो भाजी टाकून द्यावी लागली आणि मला फार वाईट वाटलं. चूक कुठे झाली ते मात्र लगेच कळलं, कारण ती गोष्ट आईने मला दहाव्या वर्षीच शिकवली होती: कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. शेवयांचंही तेच आहे. दुधी, काकडी, झुकिनी यांत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं, गाजर-बिटात साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. बारीक कापलं की ते बाहेर यायला वाट मिळते आणि मीठ ते ओढून काढतं. पाणी सुटू द्यायचं नाही, सुटलं तर भाजीपाशी थांबू द्यायचं नाही. खाली जे सांगतेय ते सगळं एवढ्यासाठीच.

भाजी घेतानाच अर्धं काम होतं. गाजर निदान दीड इंच जाड हवं. हिवाळ्यातली लाल गाजरं चवीला गोड, पण खाली निमुळती होत जातात आणि अर्ध्यावरच यंत्राच्या दातांतून निसटतात. त्यांचा हलवा करावा, शेवयांना केशरी जाड गाजर बरं. दुधी कोवळा, सरळ, हाताच्या मनगटाएवढा घ्यायचा. जून दुधी आत कापसासारखा असतो, त्याच्या शेवया होत नाहीत, चुरा होतो. आणि दुधी, काकडी, झुकिनी यांचा एक तुकडा कापायच्या आधी कच्चा चाखायचाच. कडू लागला तर तो अख्खा फेकून द्यायचा, शिजवूनही खायचा नाही. त्या कडूपणाने माणूस खरोखर आजारी पडतो.

धुवायचं ते अख्खं असताना, कापल्यावर नाही. धुतल्यावर पंचाने कोरडं पुसायचं. मग सोलून, दोन्ही टोकं सपाट कापून, चार-पाच इंचांचे तुकडे करायचे. टोक तिरकं राहिलं की शेवई एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी येते आणि पातळ बाजू आधी सडते. दुधीला मी जाड पातं लावते, गाजराला मधलं. सगळ्यांत सुंदर येतो नवलकोल. मूठ फिरवली की पांढरीशुभ्र, ओलसर चमकणारी एकच शेवई परातीत वेटोळी घालत राहते, हातभर, दोन हात, तुटतच नाही. शेवटी यंत्रात छत्रीसारखा एक तुकडा उरतो, तो सोमवारच्या आमटीत जातो. दुधीच्या बाबतीत बियांचा भाग आला की थांबायचं. तो मऊ गाभा शेवयांत गेला तर सगळ्यांत आधी तोच पाणी सोडतो. गाभा किसून पिठल्यात घालते. सालींची तीळ घालून चटणी होते, ती रविवारीच.

लांब शेवया कात्रीने वीतभर कापायच्या, म्हणजे डब्यातून घेताना गुंता होत नाही. मग जुन्या सुती धोतराच्या फडक्यावर त्या मोकळ्या पसरून पंख्याखाली वीस मिनिटं ठेवायच्या. ही वीस मिनिटं कुणी वगळू नये. आईच्या गच्चीवर गव्हाच्या शेवया खाटेवर वाळायच्या तशा कडकडीत वाळवायच्या नाहीत, फक्त वरचं पाणी टिपलं गेलं पाहिजे. बोट लावलं की गार लागावं, ओलं लागू नये. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे फडकंच दमट असतं, तेव्हा मी त्यावर गरम इस्त्री फिरवून घेते. फार फरक पडतो.

डबा उथळ आणि पसरट हवा, घट्ट झाकणाचा. तळाला दुहेरी सुती फडकं, त्यावर शेवया सैल, दाबून नाही, वर पुन्हा फडकं, मग झाकण. मीठ नाही, लिंबू नाही, काही नाही. मंगळवारी दोन्ही फडकी बदलायची. काढलेलं फडकं हातात जड लागतं, तेव्हा कळतं की किती पाणी भाजीपासून दूर ठेवलं. प्रत्येक भाजीचा डबा वेगळा, बिटाचा तर नक्कीच. फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तिथे पाणी गोठतं, भाजी फाटते आणि बाहेर काढल्यावर गळू लागते. मधल्या खणात, पुढे.

किती दिवस टिकतात ते भाजीवर आहे. काकडी एक दिवस, फार तर दोन, म्हणून ती मी आधी कापतच नाही. दुधी दोन दिवस. दुसऱ्या दिवशी थोडा काळसर दिसतो, चवीला ठीक असतो. झुकिनी तीन. नवलकोल चार. गाजर आणि बीट पाच दिवस छान राहतात. बटाटा मात्र आधी कापू नका, काळा पडतो. त्यामुळे आमचा क्रम ठरलेला आहे: सोमवारी दुधी, मंगळवारी झुकिनी, बुधवारी नवलकोल, गुरुवारी गाजर. कुठलीही शेवई हाताला बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर धुऊन वापरण्याचा मोह धरू नये, टाकून द्यावी.

महिनाभराचं ठेवायचं असेल तर फ्रीजर, पण तो गाजर, बीट आणि रताळ्यासाठीच. दुधी-झुकिनी गोठवली की नंतर लगदा होतो. उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडं करून एका माणसापुरत्या शेवयांची घरट्यासारखी एकेक वेटोळी ताटात मांडायची. ताट रात्रभर फ्रीजरमध्ये, सकाळी घरटी पिशवीत. वापरताना वितळवत बसायचं नाही, थेट तापल्या कढईत टाकायची.

प्रमाण सांगते. एका माणसाला कच्ची भाजी सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम धरा. डबा भरलेला पाहून जास्त वाटेल, पण कढईत दुधी-झुकिनी निम्म्यावर येते.

रात्री काम दहा मिनिटांचं. लोखंडी कढई चांगली तापू द्यायची, थोडं तेल, ठेचलेला लसूण, मिरची, मग शेवया. आच मोठी, झाकण अजिबात नाही. दुधी-झुकिनीला दोन मिनिटं, गाजर-नवलकोलाला चार. गॅस बंद केल्यावर मीठ. शेवटी दोन चमचे दाण्याचं कूट. जे काही थोडं पाणी सुटलेलं असतं ते कूट पिऊन टाकतं आणि शेवयांना छान चिकटून बसतं. ह्यांना वर लिंबू लागतं, मुलाला सोया सॉस, तर कुटाऐवजी भाजलेले तीळ. लिंबू आणि सोया सॉस दोन्ही ताटात घ्यायचे, कढईत नाही.

ऑफिसच्या डब्यात न्यायच्या असतील तर गाजर किंवा नवलकोलाच्या कच्च्याच न्या. हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी आणि मीठ-कूट वेगळ्या डबीत. जेवायला बसल्यावर कालवायच्या. एक वाजता त्या सकाळइतक्याच कुरकुरीत असतात. मी फ्रिज असलेल्या ऑफिसात आहे. तुमच्याकडे नसेल तर उन्हाळ्यात कापलेली भाजी न नेलेलीच बरी.

यंत्र वापरल्या वापरल्या धुवायचं. पातं अतिशय धारदार असतं, बोटं न लावता जुन्या टूथब्रशने. गाजराचा केशरी डाग प्लास्टिकवर बसलाच तर तेलाचा बोळा फिरवला की निघतो.

शुक्रवारी डब्यांत थोड्याथोड्या शेवया उरतात, बहुतेक गाजराच्या. त्या बारीक चिरून भाजणीत मळते, कांदा-कोथिंबीर घालते आणि थालीपीठ लावते. मळताना भाजणीला नेहमीपेक्षा पाणी कमी घाला, गाजर स्वतःचं सोडतंच.